आधी गणपती, मग तपासणी

माझी नणंद श्रुतिका गोरेगावच्या स्टुडिओत मालिकांमधल्या नट्यांचे केस करते. तोंडाने फटकळ, पण हात इतका हलका की नट्या खुर्चीतच पेंगतात. जुलैत तिचा उजवा डोळा लालभडक झाला. सेटवर कळलं असतं तर डोळे आलेत म्हणून घरी बसवली असती, म्हणून बाईसाहेब गॉगल लावून निघाल्या. डोळा ठणकला की पेनकिलर घ्यायची आणि पुन्हा कंगवा हातात.

मग डावाही लाल झाला, उजेड सोसेना. मी तिला ओढत अंधेरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हे डोळे येणं नव्हे, डोळ्याच्या आत सूज आहे. थेंब दिले, पेनकिलर बंद केली आणि रक्त-लघवी तपासायला सांगितली. "अशी सूज कधी कधी किडनीच्या आजारात येते. थांबू नका."

बाहेर येऊन ही म्हणते, "डोळे दाखवायला आले तर हा लघवी मागतोय. येडा आहे गं वहिनी."

थेंबांनी डोळे निवळले आणि विषयच मिटला. आमच्या कोकणात गणपतीच्या तोंडावर माणूस मरायचंसुद्धा पुढे ढकलतो, तिथे तपासणीचं काय घेऊन बसलात! मी आठवण करून दिली तर सासूबाई उखडल्या. "चतुर्थीच्या तोंडार अपशकुनी बोला नको गो. रगात खंय पळान जाता?"

गावी श्रुतिका मोदकाला शिवेना. पाय सुजले, तर म्हणे बसमध्ये बसून बसून. आरतीत टाळ वाजवता वाजवता ती मटकन खाली बसली. मी म्हटलं, आत्ताच निघू. पण घरचा गणपती पाण्यात जाण्याआधी माहेरवाशिणीला कोण सोडतंय?

विसर्जन करून निघालो ते थेट मुंबईच्या हॉस्पिटलात. दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, लघवी कधीपासून कमी झाली?

"गावी जातानाच," श्रुतिका म्हणाली. "बसमधून सारखं उतरावं लागलं नाही, म्हणून मला बरंच वाटलं."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. किडन्या किती सावरतील सांगता येत नाही, तोवर डायलिसिस, एवढंच म्हणाले.

सासूबाई लेकीच्या उशाशी बसून तिच्या पापण्या वर करून बघत होत्या.

"डोळे तर बरे झाले मां?" त्यांनी मला विचारलं. "मगे हिका घरी कधी सोडतले?"