खुलासा मागणारे वकीलसाहेब

“मोघम! सगळं मोघम!” असं म्हणत आमचे वकीलसाहेब दाव्याची नक्कल टेबलावर आपटायचे आणि खोलीत येरझाऱ्या सुरू करायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कोरेगावच्या कोर्टात मी त्यांचा ज्युनियर होतो. त्यांना बसलेलं मी फारसं पाहिलंच नाही. चहासुद्धा उभ्याने.

समोरच्याने नुसतं ‘करार झाला’ लिहिलं, की यांचा अर्ज तयार: कुठे झाला, कधी, कुणासमोर, याचा खुलासा मिळावा. साहेबांच्या घरीही तेच हो! काकू म्हणाल्या ‘पाहुणे येणार’, की लगेच, “कोण? कधी? जेवून?” काकू बिचाऱ्या हसायच्या.

एकदा पेठेतल्या एका अडत्याने एका विधवेवर दावा लावला. बाईने विहिरीची जमीन आपल्याला विकायचं तोंडी कबूल केलं, आता खरेदीखत करून द्यावं, असं त्याचं म्हणणं. बाईचं पोट तेवढ्याच जमिनीवर. साहेब खुलाशाचा अर्ज लिहायला लागले, तसा मी चिडलोच.

“साहेब, दावा लंगडा आहे. आपणच कशाला त्याला काठी द्यायची?”

“अरे, आपण कशाला नाही म्हणतोय, ते कळायला नको?”

बाईही मला बाजूला घेऊन म्हणाली, “आवं, मी बोललेच न्हाई, तर ह्ये काय इचारत्यात त्येला?”

सबजज्जांनी अर्ज मंजूर केला. खुलासा आला तो चांगला घसघशीत! करार बेंदराच्या दिवशी, बाईच्या अंगणात झाला. अडत्या स्वतःच्या बैलगाडीतून आला, दोन साक्षीदार त्याच गाडीत. मिळाली त्याला काठी! साहेब व्हरांड्यात नखं कुरतडत फिरत राहिले.

उलटतपासणीत त्यांनी अडत्याला विचारलं, “गाडीचे बैल तुमचेच?”

“व्हय, माजेच की.”

“बेंदराला जुंपलेत?”

तुम्ही तिथे असायला हवं होतं! बेंदूर म्हणजे बैलांचा सण; त्या दिवशी आपल्याकडे बैलाच्या मानेवर जू ठेवतं का कोणी? शिपाईसुद्धा फिस्सकन हसला. सणाला माणसं घरी सापडतात म्हणून पठ्ठ्याने खोट्या करारासाठी तो दिवस निवडला. बैलही घरीच असतात, हे पेठेत बसून विसरला. मलाही कुठे सुचलं होतं म्हणा. “न्हाई, चालत आलो,” तो पुटपुटला. हे न ऐकता बाहेर बसलेल्या साक्षीदारांनी मात्र नंतर गाडीच सांगितली.

निकाल लागायच्या आधीच साहेब गेले. उभ्या उभ्या कोसळले. मला अजून राग येतो त्यांचा. एवढी घाई कसली होती?

दावा रद्द झाला, त्या दिवशी बाई घेवड्याची पिशवी घेऊन आली. साहेब नाहीत हे कळल्यावर कोर्टाच्या पायरीवरच रडत बसली. मग म्हणाली, “मला त्यांच्या घरला न्या.”

काकू दारात आल्या. कपाळ मोकळं. बाईने पिशवी खाली ठेवली आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

“पैलं वरीस लय जड जातंया, बाई. घर खायला उठलं, की माज्याकडं या. शेत माजंच राह्यलंय.”