ग्राउंड कसं आहे, नाना?

सलूनमधले केस संध्याकाळी झाडून टाकता येतात. किस्से मात्र जागच्या जागी साठत राहतात, आणि गिऱ्हाईक रेसवालं असेल तर विचारूच नका! माझं सलून गिरगावात, एका चाळीच्या तळमजल्यावर. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. बाहेर मोर्चे, घोषणा, अश्रुधूर. आणि आत दर शनिवारी संध्याकाळी माझ्या बाकावर तीन विद्वान. उद्या महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कुठला घोडा येणार, यावर खल! मुंबई कुणाची याचा फैसला दिल्लीत अडला होता, पण तिसऱ्या रेसचा फैसला आमच्याकडे आदल्या दिवशीच व्हायचा. फक्त तो घोड्यांना कळवायचं राहून जायचं!

*

तिघांतले नाना कर्णिक ग्राउंडचे तज्ज्ञ. सरकारी कचेरीत हेडक्लार्क. मैदान नरम की कडक, यावर अर्धी रेस ठरते, असं ते म्हणत. (उरलेली अर्धी कशावर ठरते, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.) शनिवारी पहाटे ते घोड्यांचा सराव बघायला जात आणि जमिनीत छत्रीचं टोक खुपसून येत.

एकदा आले ते नाचतच. "लोणी आहे रे, लोणी! छत्री चार बोटं आत गेली!"

झालं! नरम मैदानात पळणारा घोडा शोधला, सगळ्यांनी त्याच्यावरच लावले. रविवारी रेस सुटली आणि घोड्यांच्या मागे असा धुरळा उडाला की पुढचं दिसेना. आमचा घोडा तर धुरळा बसल्यावर दिसला!

मागाहून उलगडा झाला. पहारेकरी बघत होता म्हणून नानांनी ट्रॅकऐवजी शेजारच्या फुलांच्या वाफ्यात छत्री खुपसली होती. माळ्याने नुकतंच पाणी घातलेलं!

नाना शांतपणे म्हणाले, "निरीक्षण अचूक होतं. जागा चुकली."

*

दुसरा परब. घोडपदेवला राहायचा, गिरणीत फिटर. त्याचा ग्राउंडवर विश्वास नव्हता, छापील माहितीवर त्याहून नव्हता. तो घोड्याच्या डोळ्यांत बघायचा. रेसच्या आधी घोडे फिरवतात तिथे कठड्याला टेकून उभा राहायचा आणि आतून कौल मिळाला की धावत यायचा.

एका रविवारी आला तो घामाघूम. "सात नंबर! घोडो माझ्याकडे बघून हसलो!"

आमच्यातले तिसरे, बापू सामंत, म्हणाले, "तुला बघून गिरणीतला मुकादमपण हसतो. त्याच्यावर पण लावायचे का?"

तरी लावले. रेस सुटली. सगळे घोडे पळाले आणि सात नंबर जागेवरच! मान वळवून प्रेक्षकांकडे बघत उभा. जॉकी टाचा मारतोय, लोक शिव्या घालतायत, घोडा ढिम्म.

परबच्या डोळ्यांत पाणी. "बघलास? तो माकाच शोधता हा!"

*

चळवळ तापली तसं नानांना सुचलं की आपला पैसा मराठी माणसाच्याच घोड्यावर लागला पाहिजे. सलूनमध्ये ठराव मांडला, टाळ्या वाजवून मंजूर झाला. मग शोध सुरू. मालक बघितले, कोणी संस्थानिक, कोणी शेटजी. ट्रेनर बघितले, साहेब. जॉकी बघितले, तेही साहेब! संध्याकाळ सरत आली. शेवटी परबने बातमी आणली की एका घोड्याला खरारा करणारा मोतद्दार सातारचा आहे.

"बस!" नाना कडाडले. "घोडा मराठीच!"

रविवारी आम्ही 'झालाच पाहिजे' ओरडत राहिलो आणि घोडा शेवटून दुसरा आला.

"दिल्लीचा दबाव," नाना म्हणाले.

"मग शेवटचा आला तो कुठल्या प्रांताचा?" बापूंनी विचारलं.

*

हेच नाना एका मोर्चात होते. लाठीमार सुरू झाला तशी माणसं गल्ल्यांत घुसली. नाना छत्रीसकट माझ्या सलूनमध्ये शिरले. मागे बूट वाजत होते. सापडले असते तर डोकं फुटलं असतं, नोकरीही गेली असती. मी त्यांना खुर्चीत ढकललं, छत्री बाकाखाली सारली आणि तोंडभर साबण फासला.

हवालदार आत आला, धापा टाकत बाकावर बसला. "छत्रीवाला म्हातारा इकडे आला काय?"

"नाही साहेब."

वाटलं, जाईल. पण त्याने पाणी मागितलं, पाय पसरले आणि माझ्या हाताकडे बघत बसला. वस्तरा चालवणं भागच होतं. दाढी संपली, तरी हा उठेना! उरली होती फक्त मिशी. नानांची ती झुपकेदार, दोन्ही टोकांना पीळ दिलेली मिशी! मी आरशात नानांकडे बघितलं. नानांनी डोळे मिटून घेतले.

हवालदार गेल्यावर नाना बराच वेळ वरच्या ओठावरून बोट फिरवत राहिले. मला वाईट वाटलं. पण पुढच्या शनिवारपासून ग्राउंडच्या बातमीआधी आम्हाला हे ऐकावं लागायचं, "महाराष्ट्रासाठी कोणी काय दिलं मला ठाऊक नाही. मी मिशी दिली!"

*

आणि बापूंच्या सुशीलाचं लग्न ठरलं तो दिवस! बापू आमच्याच चाळीत, वरच्या मजल्यावर राहायचे. मुलीचा बाप रेस खेळतो, एवढ्यावर सुशीलाची दोन स्थळं परत गेली होती. तिसरं आलं दादरच्या प्रधान मास्तरांच्या मुलाचं. मास्तर इतके कडक की चहाला व्यसन म्हणायचे. वहिनींनी बापूंना बजावलं, "आज तोंडातून घोडा हा शब्द निघाला, तर मी माहेरी जाईन." बापूंनी मला शेजारी बसवून घेतलं. विषय तिकडे वळलाच तर मी त्यांचा पाय दाबायचा!

दिवस शनिवारचा. दुसऱ्या दिवशी सीझनमधली सगळ्यात मोठी रेस. बापू हवापाण्यावर बोलत होते, देवळांवर बोलत होते, चक्क भाज्यांवर बोलत होते. सुशीला पोहे देऊन खाली मान घालून बसली. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि ऐन थंडीत गॅलरीच्या पत्र्यावर ताडताड पाऊस सुरू झाला!

मी बापूंचा पाय असा दाबला की त्यांचे डोळे पांढरे झाले. पण बापूंनी ओठ घट्ट मिटलेलेच ठेवले.

मास्तरांचा दुधाचा पेला तोंडापाशीच थांबला होता. पत्र्याकडे बघत ते स्वतःशीच पुटपुटले, "संपलं! उद्याचं ग्राउंड नरम!"

मुलाने मान खाली घातली. वहिनी दारातच थिजल्या.

सुशीलाने पदर सावरला आणि मान वर न करता हळूच म्हणाली, "नरम ग्राउंडला पाच नंबर. त्याची आई पुण्याच्या पावसाळी रेसेसमध्ये कधी हरली नव्हती."

मास्तरांनी पेला खाली ठेवला. चष्मा काढून पुसला. मुलाची आई 'गाणं येतं का' विचारायला लागली होती, तिला हातानेच थांबवलं. मग जरा पुढे सरकून बसले आणि म्हणाले,

"आणि जॉकी?"