खंडेनवमीला न उचललेला पाना

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवापुढे हात जोडून उभा असतानासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, पण माझी कीव करू नका — मला त्याची चीड येते. "किती सरळ माणूस" असं कुणी माझ्याबद्दल म्हटलं ना, की अंगाचा नुसता तिळपापड होतो.

मी ग्वाल्हेरच्या सरकारी मोटारखान्यात मिस्त्री होतो. संस्थान गेलं, मध्यभारत झाला, आणि आता तोही मोडून सगळा कारभार भोपाळला निघाला होता. कोणत्या गाड्या न्यायच्या, कोणती माणसं न्यायची — नवे साहेब ठरवणार. उरलेल्यांनी घरी बसायचं! आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या दरबारची चाकरी केली, आणि मी यांच्या मर्जीकडे बघत उभा राहू? डोकं फिरायचं माझं. म्हटलं, यांना काहीतरी करून दाखवायचंच.

दरबारच्या वेळची एक उघडी विलायती मोटार होती. दसऱ्याच्या मिरवणुकीत साहेब तिच्यातून जाणार. इंजिनाला पेट्रोल पाजणारा तिचा एकुलता एक कार्ब्युरेटर काढून मी दोन जोडीनं बसवले. काय उठायला लागली गाडी! पण जुना पंप दोघांना पेट्रोल पुरवेना. अशा जोडीला पंप हलक्या दाबाचाच लागतो — मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! जोर जास्त झाला की कार्ब्युरेटर भरून वाहतो आणि पेट्रोल खालच्या धुराच्या तापलेल्या नळीवर सांडतं. पण तसा पंप मुंबईहून मागवायचा, आणि दसरा तर तोंडावर आलेला. मी फौजी ट्रकचा पंप ठोकून दिला. चालतंय ना? मग झालं.

खंडेनवमीला पाने, हातोड्या हळदकुंकू लावून पूजेत मांडल्या. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, अशी आमची रीत. हार घालून गाडी सुरू केली, आणि मला दिसलं — मागच्या कार्ब्युरेटरखाली ओल. पेट्रोलचा वास.

पूजेतला पाना कसा उचलायचा? — अशी मी मनाची समजूत घातली. खोटं! साफ खोटं! सगळ्यांसमोर पाना उचलला असता तर माझी चूक उघडी पडली असती, एवढंच. आणि दसऱ्याच्या सकाळी? तेव्हा तर पूजा उठली होती. तेव्हा कुठला देव आडवा आला मला?

गाडी चालवायला विष्णूदादा होता — माझा चुलतभाऊ, मोटारखान्यातला सगळ्यांत जुना ड्रायव्हर. खासगी बाजार नावाच्या पेठेत गर्दीतून गाडी पावलापावलानं सरकत होती, इंजिन तापलेलं. धूर दिसला. दादानं आधी साहेबांना खाली उतरवलं, मग बॉनेट उघडलं, आणि भडका त्याच्या दोन्ही हातांवर आला.

गाडी ओढून आणली तेव्हा कुणी बघायच्या आत मी तो पंप काढून टाकला. साहेबांनी विचारलं, "मिस्त्रीजी, गलती किसकी है?" काय सांगितलं मी? ड्रायव्हरनं चोक ओढलेला राहू दिला असणार, साहब, म्हणून पेट्रोल जास्त होऊन सांडलं. बस, एवढंच. थोबाड फोडायला हवं होतं माझं! दादाला घरी बसवलं. मी भोपाळला गेलो — बढती घेऊन.

दादाची बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत. सुट्टीत त्याच्या घरी जाताना वाटायचं, आज हा शिव्या देणार. अहो, द्यायलाच हव्या होत्या! तर तो काय करायचा? चोकचं त्यानं खरं मानलं होतं. "माझ्याच हातून राहिला असेल रे," म्हणायचा, "तुझं एवढं चांगलं काम मी जाळून टाकलं." दर वेळी हेच. शेवटच्या दुखण्यात त्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. ती वाकडी बोटं जोडली आणि वहिनींसमोर माझी माफी मागितली.

मी म्हणालो, जाऊ दे दादा, मी केव्हाच माफ केलंय.