सरांचं व्हायोलिन

माझ्या नवऱ्याला सगळे 'सर' म्हणायचे. व्यसनमुक्ती केंद्रात तर भिंतीसुद्धा म्हणत असतील. मी कधी म्हटलं नाही. मी त्यांना बादलीत डोकं घालून ओकताना पाहिलं होतं.

आम्ही दोघं एकाच ऑर्केस्ट्रात होतो. ते गिटार वाजवायचे, मी व्हायोलिन. व्हायोलिन माझ्या वडिलांनी दिलेलं, हनुवटीच्या घामाने एका बाजूचा रंग उडालेलं. लग्नाच्या चौथ्या वर्षी एके दुपारी शिकवणी घेऊन आले, तर कपाटावरची जागा रिकामी. हे जिन्यात झोपलेले, एक बूट पायात, एक उशाला. व्हायोलिनची दारू झाली होती. मी भांडले नाही. रडलेही नाही, आणि ते मला अजून लागतं.

पुढे दीड वर्षाने त्यांची सुटली. ते मानायलाच हवं. नुसते स्वतः सुटले नाहीत, चोवीस वर्षं दुसऱ्यांची सोडवत बसले. बंद पडलेल्या एका छापखान्याची जागा भाड्याने घेतली. फरशीवर शाईचे डाग, अठरा खाटा. औषधं डॉक्टर द्यायचे, वाद्यं हे द्यायचे. नव्या माणसाचे हात इतके थरथरतात की चहाचा कप धरवत नाही. त्याच्या हातात हे खुळखुळा ठेवायचे. "थरथरतोयस ना? मग तालात थरथर!" तो माणूस हसायचा. कितीतरी दिवसांनी हसायचा. पुढे खुळखुळ्यावरून ड्रमवर, ड्रमवरून गिटारवर अशी एकेकाची बढती व्हायची. माझीही व्हायची, कांद्यावरून बटाट्यावर. अठरा जणांचा स्वयंपाक माझ्याकडे होता.

केंद्रात एक नियम होता, यांनीच केलेला. ज्याचं नुकसान केलं त्याच्यासमोर उभं राहायचं आणि काय केलं ते स्पष्ट सांगायचं. कुणी घरी जाऊन "चुकलं असेल काही तर माफ कर" एवढंच म्हणून आला, तर हे त्याला दारातूनच परत पाठवायचे. "काय चुकलं ते बोल. असेल-बिसेल चालणार नाही."

शनिवारच्या सभेत हे स्वतःची गोष्ट सांगायचे. "मी माझं व्हायोलिन विकून प्यायलो," म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे चहा ओतत होते. कप भरून बशीत सांडला तरी किटली तशीच धरलेली. घरी आल्यावर विचारलं, "अहो, 'माझं' का म्हणालात?"

"अगं, बायकोचं म्हटलं तर लोक तुझाच विचार करत बसतील. त्यांनी स्वतःचा करायला हवा."

"आणि मी?"

"तू तर घरचीच."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण त्या गोष्टीने माणसं खरंच सुटत होती, आणि तिथेच माझं तोंड बंद झालं. वाटायचं, ज्याने नियम केला तो कधीतरी स्वतः पाळेल.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये त्यांनी माझा हात धरला. डॉक्टरांनी आशा सोडली होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणाले, "चुकलं असेल काही तर माफ कर."

मी म्हटलं, "काय चुकलं?"

त्यांनी डोळे मिटले. कळलं होतं त्यांना, पापण्या हलत होत्या. मग म्हणाले, "पाणी दे." मी दिलं. दोन दिवसांनी ते गेले.

शोकसभेला बसायला जागा नव्हती. केंद्राचे सचिव भरपूर बोलले. मग एक रंगारी पुढे आला. आठ महिने दारूला न शिवलेला, अजून खुळखुळ्यावरच असलेला. त्याच्या हातात नवी केस होती, सगळ्यांनी वर्गणी काढून आणलेली. "काकू, सरांचं व्हायोलिन घरी परत आलं असं समजा."

टाळ्या पडल्या. मी केस उघडली. व्हायोलिन आपसूक हनुवटीखाली गेलं, मी खुंटी पिळून तार सुरात आणली.

"काकू, तुम्हाला वाजवता येतं?" रंगारी बघतच राहिला. सगळेच बघत होते. चोवीस वर्षं माझ्या हातचं जेवलेले लोक.

"येत होतं." माईक समोरच होता. "सरांनी विकलं ते व्हायोलिन माझं होतं. मला न विचारता विकलं. हे त्यांनी सांगायचं होतं. नाही सांगितलं."

सचिवांनी घाईने माईक घेतला. "वहिनींना दुःख अनावर झालंय, आपण समजून घेऊ," म्हणाले आणि केंद्रातल्या मुलांच्या बँडला खूण केली. बँड सुरू झाला. मला कुणीतरी खाली बसवलं, पाणी दिलं.

सभा संपल्यावर रंगाऱ्याने मला जिन्यात गाठलं. "काकू, शनिवारच्या सभेत मी सांगतो ना, घरातलं सामान विकलं म्हणून? ते बायकोचं शिलाई मशीन होतं. तिचं पोट त्याच्यावर होतं."

"तिला काय सांगितलंस?"

"म्हटलं, चुकलं असेल काही तर..."

मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "मला काय सांगतोस, मेल्या? घरी जा. तिच्यासमोर उभा राहा आणि 'मशीन' म्हण."

तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. मी तिथेच बसले, केस मांडीवर घेतली, आणि सव्वीस वर्षांपूर्वीचं रडू आलं. जाता जाता लोक पाठीवरून हात फिरवत होते. सर गेले म्हणून रडतेय, असं वाटलं त्यांना.