खळ दिलेलं विमान

सकाळचे अकरा. बुऱ्हाणपूरच्या लालबागमधला प्रकाशभाऊंचा यंत्रमागाचा कारखाना. लाइट गेलेली. आमच्या विमानाचे किस्से असेच साठत गेले. माग थांबले की माणसं बोलायला लागतात. आयुष्यभर बातमीदारी केली, पण एवढे किस्से मला एकाही निवडणुकीने दिले नाहीत.

मंडळी मोजकीच. मागवाले प्रकाशभाऊ, कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेल्या जोशी मॅडम, खकनारचे केळीवाले सुरेशभाऊ आणि मी. मागच्या विज्ञान प्रदर्शनात बाहेरून आलेले एक साहेब माइकवर म्हणाले होते, "बुऱ्हाणपूरवाले जलेबी अच्छी बनाते हैं, साइन्स हमपे छोड दो." मी ते जसंच्या तसं छापलं. मॅडमनी मात्र ठरवलं, पुढच्या प्रदर्शनात बुऱ्हाणपूरचं विमान सगळ्यांसमोर उडवायचं. इंजिन नाही, दोरीने पळवायचं आणि सोडायचं.

*

सुरेशभाऊंना पटेना. "मॅडम, माझ्या बागेत वारा रोज येतो. पान फाडतो, उचलत नाही."

"फाटतं म्हणूनच उचलत नाही, भाऊ."

पंख वाऱ्याला खाली लोटतो, म्हणून वारा पंखाला वर लोटतो, हे मॅडमनी सुरेशभाऊंच्याच मोटारसायकलवर मागे बसून दाखवलं. तळहात सपाट धरला, पुढची कड जरा उचलली. हात आपोआप वर गेला. असीरगढच्या रस्त्यावर सुरेशभाऊंनीही चालवता चालवता हात बाहेर काढला.

हात वर गेला, गाडी कपाशीत.

*

पंखाच्या कापडातून हवा निसटता कामा नये. प्रकाशभाऊंनी मागाच्या सुताला देतात तीच पिठाची खळ कापडाला दिली. पंख ढोलकीसारखा ताठ झाला! वाळायला दारात ठेवला आणि शेजारच्या बकरीने डावा पंख खाल्ला.

मॅडमनी रागाने उरलेला पंख उचलून आत नेला. प्रकाशभाऊ म्हणाले, "आता बकरीवर नजर ठेवा, उडाली तर सांगा."

पुढच्या खळीत त्यांनी कडुनिंबाचा रस घातला.

*

मग विमान शेपटीवर पडायला लागलं. नाकात वजन हवं होतं. प्रकाशभाऊंनी मागात सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या जुन्या धोट्याचं लोखंडी टोक काढून बसवलं. "जन्मभर आडवं पळालं बिचारं," ते म्हणाले, "आता वर जाऊ दे."

असीरगढच्या पायथ्याच्या मोकळ्या रानात ते वर गेलं. आमच्या गावचं कापड, आमची खळ, आमचा धोटा! कापूस वेचणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघत राहिल्या. जोशी मॅडम टाळ्या वाजवायच्याही विसरल्या.

*

प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी बारा वाजता मैदानावर हुकूम आला: मंत्री येताहेत, सुरक्षेचा प्रश्न आहे, विमान उडवायचं नाही. मांडवासमोरच्या टेबलावर ठेवा. मी अधिकाऱ्याशी भांडलो. बिनइंजिनाच्या कापडाची भीती कुणाला, असं विचारलं. त्याने पुन्हा टेबलाकडेच बोट दाखवलं. मॅडमनी विमान टेबलावर ठेवलं आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. नाक मात्र त्यांनी हेलिपॅडकडे केलं होतं.

मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरलं. धूळ उठली, मांडवाच्या कनाती फडफडल्या, आणि वाऱ्याचा लोट समोरून टेबलावर आला.

विमान उठलं. मांडवावरून गेलं, माइकवाल्या साहेबांच्या डोक्यावरून गेलं आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गवतावर अलगद बसलं. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मंत्रीही.

अधिकारी धावत आला. "किसकी परमिशन से उडा?"

चौकशी बसली. अजून बसलेलीच आहे.