नव्या बंडलातली एक जुनी नोट

आमच्या ह्यांना बँकेत सगळे ‘नंबरवाले’ म्हणायचे. खरं नाव घेणारी माणसं मोजकीच, आणि मी त्यातली नव्हे. मी ‘अहो’वरच सगळा संसार केला. एकोणतीस वर्षं हे कॅशियर, तेही एकाच खिडकीत. नव्या नोटांची बंडलं यायची, शंभर-शंभरची, कागदी पट्टीत बांधलेली, नंबर ओळीने. दुसरा कुणी असता तर पट्टीवर सही करून मोकळा झाला असता. हे आधी बंडलाची कडा अंगठ्याने फर्रकन सोडणार आणि डोळे फक्त आकड्यांवर. सहाही आकडे सारखे, किंवा पुढून वाचा की मागून वाचा तोच नंबर, किंवा एकापासून सहापर्यंत सरळ रांग. असं काही दिसलं की ती नोट अलगद बाहेर आणि तिच्या जागी स्वतःच्या पाकिटातली तेवढ्याच किमतीची नोट आत. पैशाची चोरी म्हणाल तर दमडीची नाही. नियमात बसतं का म्हणाल, तर नाही बसत, नवं बंडल फोडायचं नसतं. पण तीन मॅनेजर आले नि गेले, तिघांनीही काणाडोळा केला, कारण तिघांनाही ह्यांनी त्यांच्या मुलांच्या जन्मतारखेची नोट शोधून दिली होती.

घरी अल्बम होता. तो उघडायचा तर हात साबणाने धुवायचे, पुसायचे आणि वर पंख्याखाली वाळवायचे. घडी पडली की नोट मेली, असं हे म्हणायचे. घडी पडली की ती नुसता पैसा होते. मी म्हणायचे, मला तोच हवाय हो, नुसता पैसा. प्रत्येक नोटेखाली बारीक अक्षरात तारीख आणि कोणत्या बंडलातून काढली ते लिहिलेलं. आमच्या मुलीच्या जन्मतारखेची नोट मिळायला सात वर्षं लागली. ती मिळाली त्या दिवशी हे बँकेतून चालत घरी आले, बसच्या गर्दीत दुमडेल म्हणून. दारातच मुलीला म्हणाले, “बघ, तू सापडलीस.” असं काही बोलले की माणसाचा राग कुठे ठेवायचा तेच कळायचं नाही.

राग मात्र होता. दर महिन्याला पगारातली एखादी नोट अल्बमात जाऊन झोपणार, आणि मी शिवणयंत्रावर पाठ मोडून पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश शिवणार. अशाच एका गिऱ्हाइकाने पडद्यांचे पैसे म्हणून मला पाचशेची नोट दिली. तेवढ्यासाठी दोन दिवस यंत्रावर बसले होते मी. ती घेऊन वाण्याकडे गेले. त्याने नोट उजेडात धरली, नखाने खरवडली आणि चार लोकांसमोर माझ्या हातात परत ठेवली. “बाई, ही खोटी आहे. दुसरी द्या.” दुसरी होती कुठे? पिशवीतलं तेल, साखर सगळं त्याने परत काढून ठेवलं. गिऱ्हाईक बाईकडे गेले तर तिने हात झटकले, मी दिलेली ती हीच कशावरून, म्हणाली.

घरी आले ती डोक्यात राख घालूनच. कपाटात करकरीत नोटा निजल्यात आणि मी चारचौघांत तोंड खाली घालून येते. ह्यांचं पाकीट टेबलावर होतं. त्यातली एक पाचशेची काढून घेतली आणि माझी खोटी तिथे सरकवून दिली. आता नाही म्हणून काय उपयोग, रागाने केलं. मनात असंही होतं की हा माणूस दिवसभर नोटाच बघतो, ह्याला ती लगेच कळणार. मग विचारतील, ही कुठून आली, आणि मग मी वीस वर्षांचं साठलेलं एकदाचं बोलून घेणार. वाक्यंसुद्धा तयार होती माझी.

ह्यांनी विचारलंच नाही. जगातल्या प्रत्येक नोटेचा नंबर वाचणाऱ्या माणसाने स्वतःच्या पाकिटातल्या नोटा कधी बघितल्याच नव्हत्या. त्या ह्यांच्या लेखी नुसता पैसा.

तिसऱ्या दिवशी बँकेत नवी बंडलं आली. एकात सात-शून्य-शून्य-शून्य-शून्य-सात निघाली. ह्यांनी ती काढली, पाकिटातली आत घातली, पट्टी बसवली, सही केली. दुपारी एका शाळेचा कारकून शिक्षकांचे पगार न्यायला आला आणि तेच बंडल घेऊन गेला. तासाभरात परत. कोऱ्या बंडलात मधोमध एक मळकी नोट, आणि ती खोटी. पट्टीवर ह्यांची सही.

पोलिसांनी झडती घेतली तेव्हा सात-शून्यवाली ह्यांच्या शर्टाच्या खिशातच होती, प्लास्टिकच्या पिशवीत. ह्यांनी काही लपवलं नाही. उलट स्वतःहून अल्बम आणून दिला, की बघा साहेब, मी फक्त बदलतो, प्रत्येकीची तारीख आहे. भोळेपणाची हद्द. चौकशी अधिकाऱ्याने तो अल्बम पानापानाने वाचला. तीनशेबारा नोटा. म्हणजे बँकेच्या बंडलांत ह्यांनी बाहेरच्या तीनशेबारा नोटा घातल्या, ह्यांच्याच अक्षरात लिहून दिलेलं. त्यातल्या खोट्या किती होत्या? एकही नव्हती हे सिद्ध कसं करणार? त्या नोटा केव्हाच लोकांच्या हातात जाऊन फिरून आलेल्या.

हे घरी बसले आणि चार दिवस आठवत राहिले. ती नोट आपल्याकडे आली कुठून? दूधवाला, बसचा कंडक्टर, औषधाचं दुकान. मी समोर भाजी चिरत होते. बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं. मुलीचं लग्न ठरत आलं होतं, पोलीस मला नेतील ही भीती होती, हे सगळं आहेच. पण खरं सांगू? आपल्यावर आलं नाही, ह्याने मला हायसं वाटलं होतं. आजही ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

पाचव्या दिवशी ह्यांना आठवलं. रविवारी सलूनवाल्याने हजारची मोड दिली होती. कोपऱ्यावरचा सलूनवाला म्हणजे ह्यांचा एकुलता एक मित्र. ह्यांच्या नंबरांच्या गोष्टी तो एकटाच आवडीने ऐकायचा आणि कात्री चालवता चालवता म्हणायचा, “साहेब, ह्या केसांनाही नंबर देऊन टाकू, आता मोजकेच उरलेत.” ह्यांनी दोन रात्री विचार केला आणि जबाबात त्याचं नाव लिहून दिलं. मला म्हणाले, “मनाला पटत नाही गं, पण दुसरं कुणी नाहीच.” मी मूग गिळून बसले.

त्याला तीन दिवस आत ठेवला. काही निघालं नाही, सोडून दिला. पण त्याच्याकडून सुटे पैसे घ्यायला मग लोक कचरायला लागले, त्याने दिलेली नोट उजेडात धरून बघायला लागले. वर्षभरात त्याने दुकान दुसऱ्याला दिलं. ह्यांनाही कामावरून काढलं, निवृत्तीवेतन नाही, अल्बम पुरावा म्हणून जप्त. हे दोघं रस्त्यात समोरासमोर आले की एकमेकांकडे न बघता जायचे. ह्यांचे केस मग मीच कापायला लागले. स्वयंपाकघरात स्टुलावर बसवायचं, गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळायची, महिन्यातून एकदा. नऊ वर्षं. दर वेळी हे कधी ना कधी म्हणायचेच, “त्याने घात केला.” आणि मी म्हणायचे, मान हलवू नका.

गेल्या महिन्यातही असेच बसले होते. उजवी बाजू कापून झाली होती.

“सलूनवाल्याला लकवा मारला म्हणे,” हे म्हणाले. “वाचा गेली. बरं झालं.”

ह्या माणसाने मुंगीलाही कधी वाईट म्हटलं नव्हतं. त्याच्या तोंडून ‘बरं झालं’ ऐकलं आणि मी कात्री खाली ठेवली. हे आपल्यामुळे असे झाले, एवढंच मला दिसलं.

“ती नोट मी ठेवली होती,” मी म्हटलं. “तुमच्या पाकिटात. पडद्यांच्या पैशांत आली होती.”

ह्यांनी विचारलं, “खोटी आहे हे माहीत होतं?”

“हो.”

उठले, चादर काढून स्टुलावर ठेवली आणि चपला घालून निघाले. अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच. हाक मारायची हिंमत झाली नाही, मागोमाग गेले. सलूनवाला दोन गल्ल्या पलीकडे राहतो. त्याच्या बायकोने आम्हाला बघितलं आणि बाजूला झाली. तो खाटेवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र लख्ख जागे. हे खाटेशी खाली बसले.

“तू दिली नव्हतीस,” म्हणाले. “आमच्या घरातून गेली होती. मी तुझं नाव उगाच घेतलं. माझी चूक झाली.”

माझं नाव काढलं नाही. मी दारात उभी होते, निदान तेव्हा तरी पुढे होऊन मी केलं म्हणायचं, तेही जमलं नाही. सलूनवाल्याने ह्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. त्याचं उजवं अंग गेलेलं, जीभ गेलेली. त्याने कसाबसा डावा हात खाटेच्या कडेला टेकवला, जोर लावला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तेवढं करायला त्याला खूप वेळ लागला. हे तोपर्यंत बसून होते.

घरी आलो. मी वाट बघत होते, आता ओरडतील, आता हात उगारतील, घरातून जा म्हणतील. मला ते हवं होतं. ह्यांनी चपला काढल्या, चादर उचलून स्वतःच गळ्याभोवती गुंडाळली आणि स्टुलावर पाठमोरे बसले.

“राहिलेले काप,” म्हणाले.

मी कापले.