कागदी पिशवीआडची रोझान

क्लेमेंट ग्राबोव्स्कीचा बाप पोलाद कारखान्यात भट्टीवर होता. क्लेमेंट मात्र विशीतच शहराच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर रंगाचं यंत्र ढकलायला लागला, तो साठी उलटली तरी तिथंच होता. मैदानावरच्या पांढऱ्या रेघा, मधोमध संघाचं चिन्ह, चेंडू नेला की गुण मिळतात ते दोन्ही टोकांचे निळे पट्टे, सगळं त्याच्या हातचं.

बायको रोझान प्रेक्षकांतली. वडिलांची राखीव खुर्ची त्यांच्यामागे तिच्याकडे आली होती. क्लेमेंटनं लग्नाचं विचारलं तेव्हा ती आधी म्हणाली, "रविवारी सामना सोडून दुसरीकडे कुठं जावं लागणार नाही ना?"

गेल्या वर्षी संघ अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावरून परत आला होता. त्यामुळं यंदा पहिला सामना हरल्यावर कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्यात क्वार्टरबॅकचा गुडघा मोडला, आणि खेळ चालवणाराच बसल्यावर बाकीचे काय करणार? मग जी घसरण लागली ती थांबेचना. नोव्हेंबरअखेरचा टर्कीचा सण आला तरी एक विजय नाही.

"क्लेम," कॉफीवाला इर्विन एकदा भर दुकानात म्हणाला, "त्या टोकाच्या पट्ट्याला रंग कशाला फासतोस? आपलं कोणी तिथवर पोचतच नाही!"

"येत्या रविवारी बघ," क्लेमेंट म्हणाला. तो दर आठवड्याला हेच म्हणायचा, आणि त्याला ते खरंच वाटायचं.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. बर्फ भुरभुरत होतं. आणि काय नवल, आपले पुढे होते! चेंडू आपल्याकडे, घड्याळात काही क्षण उरलेले. नव्या क्वार्टरबॅकनं चेंडू घ्यायचा, गुडघा टेकायचा, की खेळ खल्लास. बर्फ सारायचं फावडं घेऊन कडेला उभ्या क्लेमेंटनं टोपी काढून हातात घेतली.

पोराच्या हातून चेंडू निसटला.

समोरच्या संघातल्या एका धिप्पाडानं तो उचलला आणि तो घेऊन पळत थेट पलीकडच्या निळ्या पट्ट्यात जाऊन पडला. हाही सामना गेला. शिव्या द्यायचंही कुणाला सुचलं नाही.

क्लेमेंटनं सवयीनं रोझानच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं हिरवा कोट होता, पण कोटावर चेहरा नव्हता. डोळ्यांपुरती भोकं पाडलेली कागदी पिशवी होती. संघाची लाज वाटणारे घालतात तशी.

फावडं टाकून तो पायऱ्या चढून गेला.

"रोझान?"

"मी नाही ती," पिशवी म्हणाली.

"कोट मी घेऊन दिलेला आहे."

तिनं पिशवी वर केली. डोळे सुजले होते, नाक लाल. "रडताना दिसायचं नव्हतं मला. तू खाली उभा होतास."

"पण पिशवी? इथं मिळाली?"

"घरून आणली." ती घुटमळली. "केव्हाची पर्समध्ये आहे, क्लेम."

रविवारी सकाळी हीच बाई त्याच्या डब्यात सॉसेज भरताना म्हणायची, "आज जिंकतोय आपण." सामना हरल्यापेक्षा हा तडाखा मोठा होता.

"मग दर रविवारी म्हणायचीस ते?"

"तुला रंग मारायला जायचं असायचं ना!"

तो मटकन शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. इतक्या वर्षांत तो त्या मैदानात कधी प्रेक्षकांत बसला नव्हता. रोझाननं त्याच्या डोक्यावरचं बर्फ झटकलं. तो म्हणाला, "म्हणजे सगळेच सामने हरलो? एकही नाही?"

"सगळेच," ती म्हणाली. "चल, टोपी घाल."